रेघेचं उजवं टोक

हॉस्पिटलच्या फॉर्मवरची ती रेघ दहा सेंटिमीटरची नाही, हे सगळ्यांत आधी माझ्या बहिणीने पकडलं.

सांध्यांच्या विभागात तिला घेऊन दर तीन महिन्यांनी जायचं, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी हा कागद भरायचा. कागदावर एक आडवी रेघ. डाव्या टोकाला छापलंय 'काहीच त्रास नाही', उजव्या टोकाला 'कल्पना करता येईल असा सर्वांत जास्त त्रास'. आजाराचा सगळा विचार करता गेला आठवडा कसा गेला, त्याप्रमाणे रेघेवर एक उभी खूण करायची. मग सिस्टर पट्टी लावून ती खूण मोजतात आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा लिहितात. पहिल्या खेपेला ताईने पर्समधून स्वतःची स्टीलची पट्टी काढली, रेघ मोजली आणि सिस्टरना म्हणाली, "ही सत्त्याण्णव मिलिमीटर आहे. कॉपीवरून कॉपी काढत गेलात की रेघ आखडते. तुमचा शंभर कुणालाच गाठता येणार नाही." सिस्टर हसल्या. ताई हसली नाही. मी शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते, कारण चारचौघांत मला लाजवण्याचं काम या बाईने लहानपणापासून मन लावून केलं आहे.

ताई वजनमापं तपासण्याच्या कार्यालयात तीस वर्षं होती. दुकानांतले काटे, औषधवाल्यांचे छोटे तराजू, गोदामांतली वजनं, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. खरं असलं तर शिक्का, खोटं असलं तर परत. कार्यालयाच्या मागच्या बाजूला एक बंद खोली होती. तिथे काचेच्या पेटीत एक तराजू आणि मखमलीच्या खाचांत बसवलेली प्रमाण वजनं असायची, म्हणजे बाकीची सगळी वजनं ज्यांच्याशी ताडून बघायची ती. त्यांना बोट लावायचं नाही, बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. चिमट्याने उचलायचं, काचेचं दार लावायचं, श्वास बाजूला सोडायचा आणि काटा थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. तुला गप्प राहण्याचा पगार मिळतो, असं मी तिला म्हणायचे.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पँट आखूड करा, चेन बदला, कोट सैल करा. आमच्या कामात थोडं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, माणूस उद्या जाड झाला तर उसवून सोडता यावं म्हणून. ताईला ही सरळ सरळ लबाडी वाटायची. दरवर्षी वर्षाच्या पहिल्या दिवशी ती माझी टेप आपल्या स्टीलच्या पट्टीशेजारी धरायची आणि निकाल द्यायची, "टाचणे, तुझी टेप ताणलीय. मीटरमागे तीन मिलिमीटर खोटी." टाचणी हे माझं घरातलं नाव. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असतात म्हणून, आणि ताईच्या मते मी बोलतेही तशीच म्हणून. "तीन मिलिमीटरने कुणाची पँट गळून पडत नाही," मी म्हणायचे. ती टेप कचऱ्यात टाकायची आणि मी कुरकुरत नवी आणायचे.

आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. तिने लग्न केलं नाही. मी केलं आणि परत आले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ताईचं दुखणं बोटांतून आलं. संधिवात, पण उतारवयात गुडघे कुरकुरतात तो साधा नव्हे. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या होत्या, समोरच्याचा हात हातात घेऊन बोलायच्या. "वेळेत आवरलं तर हाडं वाचतात, मावशी," त्या ताईला म्हणाल्या. "नाही आवरलं तर सांधे झिजत जातात, आणि झिजलेलं परत येत नाही." हे वाक्य मी तिथल्या तिथे पाठ केलं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभर बरं चाललं. सूज उतरली. ताई तेव्हा रेघेवर खूण करायची ती बारा, पंधरा, दहा अशी.

मग काहीतरी झालं. म्हणजे काहीच झालं नाही, आणि ते मला आजतागायत पचलेलं नाही. कुणी गेलं नाही, कुणी मन मोडलं नाही, नोकरीत कसली कटकट नाही. ताई हळूहळू विझत गेली. तिने रेडिओ लावायचं सोडलं. पुस्तक उघडायची आणि तासाभराने तेच पान. अंघोळ, केस, काम, जेवण, सगळं वेळेवर. विचारलं की "ठीक आहे." त्या वर्षीच्या पहिल्या दिवशी मी माझी टेप मुद्दाम तिच्या चहाशेजारी ठेवली. तिने ती नीट गुंडाळली आणि माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिली. मोजली नाही. आणि मला काय वाटलं? मला हायसं वाटलं. चला, उशिरा का होईना बाई नरमली, असं मी मनात म्हटलं आणि शीळ घालत दुकानात गेले. ही शीळ मला आठवते तेव्हा मला स्वतःची लाज वाटते.

दोन-तीन महिन्यांत सांधे पुन्हा पेटले. सकाळी उठल्यावर दीड-दीड तास तिची बोटं वळायची नाहीत. मनगटं इतकी सुजायची की घड्याळाचा पट्टा लागेना. नळ सोडायला ती तळहाताची कड वापरायची, बरणीचं झाकण दारात अडकवून उघडायची. मी तिच्या सगळ्या शर्टांची बटणं काढली आणि आतून वेल्क्रोची पट्टी लावली. वरून बटणं नुसती शोभेला शिवली, म्हणजे कार्यालयात कुणाला कळू नये. तिने शर्ट घातला, पट्टी दाबली, आणि गेली. पूर्वीची ताई असती तर म्हणाली असती की हे बटण खोटं आहे.

एका दुपारी ती वेळेआधी घरी आली आणि कोट न काढता खुर्चीत बसली. तिच्या हातून चिमटा निसटून एक प्रमाण वजन फरशीवर पडलं होतं. दोनशे ग्रॅमचं. पडलेलं वजन मग प्रमाण राहत नाही. दिसायला काहीही झालेलं नसलं तरी ते दुसऱ्या शहरात तपासायला पाठवावं लागतं आणि तोवर खोलीतलं काम बंद. कुणी पाहिलं नव्हतं. ताईने स्वतःच्या विरुद्ध स्वतःच अहवाल लिहिला, सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब भला माणूस. त्याने तिला पुढच्या टेबलावर बसवलं, अर्ज घ्यायला.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"वाटायला हवं," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतरच्या खेपेला ताईने रेघेवर खूण केली ती अठरावर. मी शेजारून बघत होते. पेन मुठीत धरून, अंगठ्याने आधार देऊन, तिने ती इवलीशी उभी रेघ ओढली, आणि मला वाटलं तिचा हात घसरला असणार. डॉक्टर अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबतात आणि विचारतात, दुखतंय? ताई प्रत्येक वेळी खिडकीकडे बघत म्हणाली, "नाही. नाही. जरासं. नाही." सूज डॉक्टरांना दिसत होती, ती त्यांनी लिहिली. रक्ताचा रिपोर्टही वाईट होता. पण सूज, दुखरे सांधे, रक्त आणि ती खूण अशा चार गोष्टींचा मिळून एक आकडा निघतो, तो निघाला चार पूर्णांक दोन. याच्या पुढचं औषध म्हणजे इंजेक्शन. ते लागू पडलं तर हाडं खाल्ली जायची थांबतात. पण हॉस्पिटलचा नियम असा की लागोपाठ दोन खेपांना आकडा पाचाच्या वर गेला तरच इंजेक्शन द्यायचं.

"गोळ्या थोड्या वाढवू," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःला तर फारसा त्रास जाणवत नाहीये, ते चांगलंच आहे."

माझा तिळपापड झाला. "हिला त्रास नाही? हिला शर्ट घालता येत नाही."

डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "हिला काळजी जास्त आहे."

पुढच्या तीन महिन्यांत मी तिच्या मागे हात धुऊन लागले. जेवताना, भांडी घासताना, बसच्या रांगेत. खरं सांग, दुखतं की नाही? दुखतं. मग अठरा का? अठराच आहे. बोटं करंगळीकडे कलायला लागलीत, दिसतंय तुला? दिसतंय. भांडून भांडून माझाच घसा बसला. तिला राग येईल, ती मला उलटून बोलेल, अशी मी वाट बघत राहिले. आमच्या घरात भांडण ही काय अपूर्वाईची गोष्ट नव्हती, पण आता मी एकटीच भांडत होते. दरम्यान बाहेर चौकशी करून मी एवढं समजून घेतलं की खूण ऐंशीच्या पलीकडे गेली असती तर तो आकडा पाचाच्या वर गेला असता. बस्स, एका खुणेचा प्रश्न होता.

पुढच्या खेपेला ताईच्या मुठीत पेन राहीना. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बोटाने जागा दाखवा, बहीण खूण करेल." आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या. ताईने बोट ठेवलं, तिथेच, डावीकडे. मी कागद माझ्याकडे ओढला आणि ब्याऐंशीच्या आसपास खूण केली. शांतपणे केली. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेला मी असंच दोन बोटं जास्त धरते आणि तो माणूस पुढच्या वर्षी दुवा देतो.

आत डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी सांधे दाबले, कॅल्क्युलेटरवर आकडे मारले. "पाच पूर्णांक एक. मावशी, हे खूपच वाढलंय. ही पहिली नोंद धरते. पुढच्या वेळी असंच आलं तर लगेच इंजेक्शन सुरू करू." मला तिथेच रडू येणार होतं. तीन महिने, फक्त तीन महिने, असं मी मनात मोजत होते.

ताईने मान पुढे करून कागद बघितला. खूप वेळ बघितला.

"हे रीडिंग माझं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझी खूण अठराला होती. ही हिने केलीय."

आवाजात राग नव्हता. दुकानदाराला काटा परत करताना ती याच आवाजात बोलत असणार, तीस वर्षं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या की असा कागद त्यांना धरता येणार नाही आणि या खेपेची नोंद होणार नाही. म्हणजे आधीचे तीन महिने गेले ते गेले, आणि आता पुन्हा पहिल्यापासून दोन खेपा.

बाहेर लिफ्टसमोर एक लोखंडी बाक आहे. तिथे मी ताईला बसवलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तुझ्या हाडांचा भुगा होतोय आणि तू माझी चोरी पकडतेस. कुणाचं काय नुकसान होत होतं? तुला बरं व्हायचंय की नाही? येणारेजाणारे बघत होते. ताई मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत होती. ते हात आता कुणा तिसरीचेच वाटायचे.

"टाचणे, कुठलाही काटा तपासताना आधी दोन्ही टोकं बघायची असतात," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांत ती पहिल्यांदाच चार शब्द सलग बोलत होती, म्हणून मी गप्प झाले. "शून्य कुठे आहे ते बघायचं. मग त्याचा जास्तीत जास्त भार किती ते बघायचं. त्याशिवाय मधल्या रीडिंगला अर्थ नाही. त्यांनी लिहिलंय, कल्पना करता येईल असा सर्वांत जास्त. म्हणून मी कल्पना केली."

"कसली?"

"की मला ते इंजेक्शन मिळालं. सूज उतरली. रक्त चांगलं आलं. बोटं दुखायची थांबली. आणि सकाळी उठले तर हेच."

"हेच म्हणजे काय?"

ती शब्द शोधत होती. तिला शब्द चटकन सापडायचे एके काळी. "आत काही हलत नाही. काटा अडकलाय. वजन ठेवा, काढा, तो तिथेच. आत्ता निदान म्हणता येतं, हात दुखतात म्हणून असं होतंय. कामावर विचारतात, तू विचारतेस, मी मला विचारते. उत्तर आहे. हात बरे झाले आणि तरी हेच राहिलं, तर मग काय सांगायचं? ते शंभर. त्याच्या मानाने हे दुखणं अठराच आहे. मी चांगलं मोजून सांगते."

मी तिच्या शेजारी बसले. मला वाटत होतं की मी सुरुवातीपासून चुकीच्या ठिकाणी भांडत होते. लिफ्ट आली, उघडली, मिटली. मी ताईचा कोट सारखा केला, तिला तिथेच थांबायला सांगितलं आणि पुन्हा डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी दार लावलं आणि सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हे आधी कळायला हवं होतं. मन असं असेल तर सांध्यांचे आकडे खरे येत नाहीत, आणि आकडे खरे नसतील तर मला औषध ठरवता येत नाही. आधी मनाचं बघून घेऊ." त्यांनी चिठ्ठी दिली. मनाचा विभाग मागच्या इमारतीत होता आणि तिथली तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची. मधल्या खेपेला ताईची खूण बावीस. डॉक्टर म्हणाल्या, आधी मनाच्या विभागाची चिठ्ठी येऊ द्या.

मनाचे डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांचाही एक कागद होता. झोप नीट लागते का, थकवा येतो का, कामं हळू झाली आहेत का, भूक कमी झाली आहे का, हालचाल मंदावली आहे का. ताईने विचार करून प्रत्येकाचं उत्तर दिलं. तिला थकवा होता, हातांच्या ठणक्याने झोप मोडायची, हालचाल तर मंदावणारच. लिफ्टसमोर जे सांगितलं ते इथे सांग, म्हणून मी तिला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "त्यांनी ते विचारलेलं नाही." मग मीच सांगितलं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायला पुस्तकी वाटलं, मलाही. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "यातली निम्मी लक्षणं सांध्यांच्या आजाराचीच असू शकतात," ते म्हणाले. "आधी ते दुखणं आटोक्यात येऊ द्या. मग मनाचं किती उरतं ते मला नीट सांगता येईल." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी ताईचं तोंड कोरडं पडलं आणि तिला दुपारची झोप लागू लागली. दोघेही डॉक्टर चांगले होते. दोघांनी एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या, सुवाच्य अक्षरात, आणि त्या चिठ्ठ्या पोहोचवायला मी मधल्या अंगणातून पुढच्या इमारतीतून मागच्या इमारतीत आणि मागच्यातून पुढच्यात चकरा मारत राहिले.

असं एक वर्ष गेलं. त्याच वर्षात ताईने नोकरी सोडली. साहेबांनी निरोपाला तिला लाकडी पेटीत एक जुनं पितळी वजन दिलं. तिने ते कपाटात ठेवलं.

मग डॉक्टरांनी हातांचे नवे एक्स-रे काढायला सांगितले. उजेडाच्या काचेवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, पहिल्या वर्षीचा आणि आताचा. मला त्यातलं काही कळत नाही, पण एका फोटोत मनगटातली छोटी छोटी हाडं सुटी सुटी दिसत होती आणि दुसऱ्यात त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. डॉक्टर हसल्या नाहीत. "मी आकड्यांवर विसंबून राहिले," त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, "आकडे बरोबर होते." डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं, एक्स-रे जोडले, आणि नियमाला वळसा घालून इंजेक्शन मंजूर करून घेतलं.

दर पंधरा दिवसांनी द्यायचं ते इंजेक्शन तिला मांडीत टोचायला मी शिकले. फ्रीजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेवायचं, खोलीच्या तापमानाला आलं की टोचायचं. "तुमच्या त्या खोलीतही असंच करायचे ना, आधी थांबायचं?" मी विचारलं. ताईने मान हलवली. मला त्या मान हलवण्याचाही आनंद झाला. लिफ्टसमोर ती काय म्हणाली होती ते मी विसरले नव्हते, पण मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. दुखणाऱ्या माणसाला काय कळतं? दुखणं थांबलं की उजाडेल, रेडिओ लागेल, माझी टेप खोटी ठरेल. मी एक नवी टेप आणूनही ठेवली, पिवळी, वापरायची नाही, फक्त वर्षाच्या पहिल्या दिवसासाठी.

इंजेक्शन लागू पडलं. चार महिन्यांत मनगटं बारीक झाली, सकाळचा तो दीड तास दहा मिनिटांवर आला, रक्ताचा रिपोर्ट असा की डॉक्टरांनी तो दुसऱ्या डॉक्टरांना नेऊन दाखवला. बोटं वाकडी होती ती वाकडीच राहिली, पण दुखत नव्हती. वर्षाचा पहिला दिवस मधेच येऊन गेला. पिवळी टेप दिवसभर टेबलावर होती. संध्याकाळी ताईने तिच्यावर ताट ठेवलं आणि जेवली. मी म्हटलं, अजून वेळ लागेल.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथे गेलो. तीच खुर्ची, तोच कागद. सिस्टर म्हणाल्या, "अरे वा, मावशी, आज पेन स्वतः धरलंत." ताईने पेन मुठीत घेतलं, कागदावर वाकली आणि खूण केली. सावकाश, नेटकी, उभी. रेघ जिथे संपते अगदी तिथे, उजव्या टोकावर.

सिस्टर हसल्या. "उलटं झालं, मावशी. डावीकडे चांगलं, उजवीकडे वाईट." त्यांनी नवा कागद माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच भरा. असा आकडा आत गेला तर इंजेक्शनचा उपयोग नाही असं धरतात आणि बंद करतात." आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

"ताई, शंभर?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिचा चेहरा नेहमीसारखा होता. सगळं तिने मला दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. माझ्याकडे पेन होतं. मी खरं लिहिलं तर सूज परत येणार, उरलीसुरली हाडंही जाणार. मी डावीकडे, चारच्या आसपास, खूण केली. आणि तो कागद मुद्दाम तिच्यासमोर धरला, तिला नीट दिसेल असा. आयुष्यात मी देवाकडे फार काही मागितलेलं नाही. तेव्हा मागितलं. ताई, म्हण, हे रीडिंग माझं नाही. चारचौघांत म्हण. मला चोर ठरव.

ताईने खुणेकडे बघितलं. काटा थांबेपर्यंत थांबावं तितका वेळ बघितलं.

"दे त्यांना," ती म्हणाली.

आत डॉक्टरांनी वाचलं. "चार. मावशी, तुम्ही कमाल केलीत." त्यांनी ताईचा हात हातात घेऊन हलकेच दाबला. ताई म्हणाली, "धन्यवाद."

पहिला कागद मी पर्समध्ये टाकला होता. घरी आल्यावर ताई आतल्या खोलीत जाऊन बसली. मी तिची स्टीलची पट्टी काढली आणि रेघ मोजली. सत्त्याण्णव. खूण बरोबर टोकावर होती, केसभरही इकडेतिकडे नव्हती.